दहा रेपचं वजन : फोंड्यातल्या बायकांच्या बॅचच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

प्रकल्पाचा प्रश्न असा: जिममध्ये उचलायचं वजन निवडायचं काम बाईवरच सोपवलं, तर ती स्वतःला किती ताणते आणि नेमकी तिथेच का थांबते?

गोव्यात फोंड्याच्या जिममध्ये मी ट्रेनर आहे, तिथल्या हॉलमध्ये बायकांच्या दोन बॅच आहेत. सकाळी सहाला नोकरीवाल्या: शाळेतल्या, बँकेतल्या, कुंडईच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या. दुपारी साडेतीनला जेवणखाण आटोपून येणाऱ्या. वयं चोविसापासून एकसष्टपर्यंत. नोंदीत नावं घालणार नाही. हॉलमध्ये जशी हाक मारतो तशीच ओळख पुरे: बँकवाली, कुंडईची, शिक्षिका, फुलवाली, मावशी.

पद्धत मुद्दाम साधी ठेवली आहे. व्यायाम चार: लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं), चेस्ट प्रेसचं मशीन (छातीपासून पुढे ढकलणं), बसून रो (वजन पोटाकडे ओढणं), आणि डंबेलने खांद्याचा प्रेस (डोक्यावर ढकलणं). रेप म्हणजे तीच हालचाल एकदा पूर्ण करणं. सांगणं एकच, "दहा रेप नीट होतील असं वजन तुमचं तुम्ही घ्या." मी वजन सुचवायचं नाही, कुणी हलकं घेतलं तर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. दहा झाले की थांबवायचं आणि विचारायचं, "अजून किती निघाले असते?" उत्तर वहीत. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावायचा लांब बार, या मोजणीत नाही. पुढे हेच वजन शेवटच्या रेपपर्यंत न्यायला लावणार आहे, आणि खांद्यावर बार ठेवून नवख्या बाईवर तो प्रयोग मी करणार नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत यावर अभ्यास झाले. वजनांची सवय नसलेल्या बायकांना निवड करायला सांगितली, तर त्या आपल्या कमाल उचलीच्या निम्म्याच्या आसपास थांबत. कमाल उचल म्हणजे जे वजन जेमतेम एकदाच उचलता येतं ते. ताकद वाढवण्यासाठी नवख्यांना अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली ६० ते ७० टक्के सांगितले आहेत. गंमत म्हणजे २००४ च्या एका अभ्यासात नवखे पुरुषही साठच्या खालीच राहिले होते. त्यामुळे "बायका वजनाला घाबरतात" हे उत्तर मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवते आहे. खरं ठरलं तर येईल परत.

४ जून, बुधवार

सकाळची पहिली मोजणी. बाहेर धो धो.

याला निवड म्हणायलाच जीभ अडते. डंबेलच्या रॅकवर २, ३, ५, ७.५, १० असे जोड आहेत. जिचा हात रोज जिथे जातो तिथेच गेला. रोज पाचचा घेणारीने पाचचाच घेतला, उचलून पाहिला नाही, वर-खाली तोललासुद्धा नाही. दोघी-तिघींनी आधी शेजारणीकडे बघितलं. लेग प्रेसला तर आधीच्या बाईने पिन (मशीनचं वजन ठरवणारी खुंटी) जिथे ठेवली होती तिथेच पुढचीने पाय लावले.

उद्यापासून प्रत्येकीच्या आधी पिन सगळ्यात खालच्या वजनावर आणून ठेवायची. रोजची डंबेल रॅकवर उलटसुलट लावायची.

बँकवाली: लेग प्रेस ४० किलो, दहा रेप. "अजून तीन झाले असते, टीचर." लिहिलं.

६ जून, शुक्रवार

किती कष्ट पडले ते आकड्यात सांगण्यासाठी बोर्ग यांचं कोष्टक लावून पाहिलं. गुनार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं मूळ कोष्टक ६ ते २० असं आहे, कारण आकड्यापुढे शून्य लावलं की साधारण नाडीचे ठोके यावेत असा हिशेब होता: ६ म्हणजे स्वस्थ बसल्यावरचे ६०, २० म्हणजे दमछाक होतानाचे २००. दुपारच्या बॅचला भिंतीवरचा तक्ता दाखवला, तर मावशी म्हणाल्या, "सहापासून कशाला? एक ते पाच कुठे सांडले?" नंतर सगळ्यांनी मिळून "तेरा" हेच उत्तर धरलं. कुणाला दुखवायचं नसलं की माणसं मधला आकडा सांगतात.

तक्ता काढला. "अजून किती निघाले असते?" हाच प्रश्न राहील. वजन उचलणाऱ्यांच्या जगात दहाचं जे माप चालतं तेही शेवटी यावरच बेतलेलं आहे. दोन रेप शिल्लक असले तर आठ, एक असला तर नऊ, काहीच नसलं तर दहा.

११ जून, बुधवार

उत्तरं जवळजवळ एकाच साच्यातली: "दोन", "दोन-तीन", "तीन". वीस म्हणणारी एकही नाही.

मी उत्तरांपेक्षा वेग बघते आहे. स्नायू दमत आला की रेप आपोआप मंदावतो, कितीही जोर लावला तरी. शेवटचे दोन-तीन रेप रेंगाळतात, मध्येच अडल्यासारखे होतात. यांचा दहावा रेप पहिल्याइतकाच चटकन होतो. फुलवालीचा रो चालू होता तेव्हा ती मागच्या बाईला जायांच्या फुलांचा भाव सांगत होती, आणि दहाव्या रेपलाही वाक्य तुटलं नाही.

१८ जून, बुधवार

आज शेवटपर्यंत. लेग प्रेस, चेस्ट प्रेस आणि रो एवढेच, कारण या मशीनवर बाई अडकली तरी वजन अंगावर येत नाही. स्वतः निवडलेलं तेच वजन, फॉर्म (उचलण्याची नीट ढब) मोडेपर्यंत किंवा पुढे सरकेनासं होईपर्यंत. मी बाजूला उभी.

बँकवाली, लेग प्रेस ४०. तिच्या मते तेराला संपायला हवं होतं. पंधराला तिने पाय थांबवले. "पुरो आता." विचारलं, गुडघा दुखतो का? नाही. कंबर? नाही. मग? "मांड्या जळतायत." म्हटलं, जळू दे, कुठे टोचलं किंवा कळ आली तर लगेच सोड. चालू केलं. सतरापासून रेप मंद झाले, एकविसाव्याला आवाज आला (तिचा, मशीनचा नव्हे), तेविसाव्यानंतर पाय सरळ होईनात. उठली ती हसत, आणि पायऱ्या उतरताना कठडा धरून.

तेरा आणि तेवीस.

इथे जरा थांबून लिहायला हवं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. ती जळजळीलाच शेवट समजत होती, कारण त्याच्या पलीकडे तिला आजवर कुणी नेलंच नव्हतं. स्नायूतली जळजळ सेट (न थांबता सलग केलेले रेप) संपल्यावर मिनिटभरात ओसरते, दोन्ही मांड्यांत सारखी असते, सांध्यात नसते. दुखापतीची कळ एका जागी असते, तीक्ष्ण असते आणि थांबल्यावरही रेंगाळते. हा फरक तोंडाने सांगून कळत नाही. एकदा अंगावरून जावा लागतो. आमच्या शाळांत मुलींच्या पीटीच्या तासाला लंगडी, लेझीम आणि खो-खो होतं. दमेपर्यंत एकच स्नायू वापरायची वेळ कुणावर येते?

कुंडईची: चेस्ट प्रेस १० किलो, "अजून दोन" म्हणाली होती, निघाले एकोणीस.

मावशी: रो १५ किलो, "दोन" म्हणाल्या होत्या, एकूण चौदा झाले. म्हणजे फक्त दोनची चूक! सगळ्या बॅचमध्ये वयाने मोठ्या याच आणि अंदाजही यांचाच नेटका. तरुणपणी त्यांनी लावणी-मळणी केली आहे. त्याचमुळे, असं मात्र मी म्हणणार नाही. एका बाईवरून काय सिद्ध होतं.

पुरुषांचंही नोंदवून ठेवते. ब्राझीलमध्ये तालमीची सवय असलेल्या पुरुषांना बेंच प्रेसला "तुम्ही एरवी दहा रेपसाठी घेता ते वजन घ्या" म्हटलं आणि मग शेवटपर्यंत करायला लावलं, तर सरासरी सोळाच्या आसपास रेप निघाले. संध्याकाळच्या बॅचमधल्या आरशासमोरच्या वीरांना हे वाचून दाखवायचा मोह आवरला.

२४ जून

सांजांव, गोव्यातला सेंट जॉनचा सण. दुपारची बॅच नाही.

२६ जून, गुरुवार

टक्केवारी काढायची तर कमाल उचल माहीत हवी, पण नवख्या बाईला एकदम एका रेपचं वजन उचलायला लावणं मला पटत नाही. म्हणून अंदाजाचं सूत्र घेतलं, एप्ली यांचं: वजन गुणिले (१ अधिक रेप भागिले ३०). दहा-बाराच्या वरच्या रेपना हे सूत्र भरकटतं, त्यामुळे बँकवालीचे ते तेवीस इथे कामाचे नाहीत. तिला जड वजनावर नेलं: ६५ किलो, आठ रेप, नववा झाला नाही. ६५ × १.२७, म्हणजे ८२ च्या आसपास. तिची स्वतःची निवड ४० ची. बरोबर निम्म्यावर!

त्याच टक्क्याला बायका पुरुषांपेक्षा सहसा जास्त रेप काढतात, त्यांचे स्नायू हळू दमतात. म्हणून बायकांसाठी ही सूत्रं कमाल उचल थोडी फुगवून सांगू शकतात. ४९ का ५२, यावर मी वाद घालणार नाही.

हलकं वजन वाया जातं असंही नाही. कमालीच्या ३० टक्क्यांवरही सेट अगदी शेवटाजवळ नेला तर स्नायू वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कारण कमी जोराला शरीर आधी लहान स्नायूतंतू वापरतं आणि ते दमू लागले की मोठ्यांना बोलावतं. पण कमाल ताकद वाढवायला जड वजनच सरस. आणि यांचं होतंय काय? वजनही हलकं आणि थांबणंही लवकर. मोठ्या तंतूंना बोलावणं जातच नाही.

३ जुलै, गुरुवार

सकाळच्या बॅचला व्यायामानंतर चहाला बसवलं आणि सरळ विचारलं: आता तुम्हाला कळलंय की अजून निघतात, तरी बारा-तेराला का थांबता?

कुंडईची म्हणाली, "टीचर, मी इथे सगळं काढलं तर लाइनवर काय करू? आठ तास उभं राहायचं असतं. त्या दिवशी तुम्ही लेग प्रेस शेवटपर्यंत नेलात, दुसऱ्या दिवशी बसच्या पायरीवर चढताना कंडक्टरने हात दिला."

शिक्षिका: "मला सातला घरी पोचून दोन डबे भरायचे असतात. मी इथे येते तेव्हाच दिवसाचा हिशेब करून येते."

हे ऐकून मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. भीती, लाज, "पुरुषी दिसू" वगैरे कारणांची मी यादी करून आले होते. त्यातलं एकही सकाळच्या बॅचने काढलं नाही. त्या शिल्लक ठेवतात, कारण त्यांना पुढच्या चौदा तासांचं माहीत असतं. जिमच्या भिंतीवरचे "अजून एक!" छापाचे फलक लिहिणाऱ्याला बहुधा संध्याकाळी जेवण आयतं मिळतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, ती मी लगेच सांगितली. ताकदीसाठी प्रत्येक सेट शेवटाला नेणं गरजेचं नाही. दोन-तीन रेप राखून थांबलं तरी ताकद जवळजवळ तेवढीच वाढते आणि दुसऱ्या दिवशी अंग कमी मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम एवढंच मागतात. शिल्लक ठेवा, पण शिल्लक दोनाची ठेवा, बाराची नको. त्यासाठी वजन वाढवावं लागेल, रेप नव्हे. वजन वाढलं, रेप सहा-आठवर आले, तर वेळही वाचतो. डबे भरणाऱ्या शिक्षिकेला हे शेवटचं जास्त पटलं.

८ जुलै, मंगळवार

वाढवा म्हणणं सोपं. वाढवायचं कसं?

खांद्याच्या प्रेसला फुलवाली पाचच्या डंबेलवर बारा रेप करते. पुढचा जोड ७.५ चा. एका पायरीत दीडपट! तिचे जेमतेम चार झाले, खांदा कानाला लागला, आणि ती परत पाचवर आली. बारवर तीच कथा. आमची सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, दोन्ही बाजूंना एकेक म्हणजे पाच. साठ किलो प्रेस करणाऱ्या पुरुषाला पाच म्हणजे आठ टक्के. रिकामा २० किलोचा बार प्रेस करणाऱ्या बाईला २५ टक्के. आणि जिला वीसच जात नाही तिच्यासाठी हॉलमध्ये बारच नाही.

म्हणजे "बायका वजन वाढवत नाहीत" याचा बराच भाग रॅकवर लिहिलेला आहे. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा बार वेगळा असतो, १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. पुरुषांचा २० किलो आणि २८ मिलिमीटर. जाडीतल्या त्या फरकाने पकड बदलते. आमच्याकडे डेडलिफ्टला (बार खालून उचलून ताठ उभं राहण्याला) बायकांची पाठ आणि पाय दमायच्या आधी बोटं सुटतात, त्यात जुलैचा दमट हात. हाताला लावायच्या चॉकच्या पुडीचा पावसाळ्यात लगदा होतो, बारवर गंज चढतो, दर आठवड्याला तारेच्या ब्रशने घासून तेल लावावं लागतं.

कुर्टीच्या एका वर्कशॉपवाल्याकडे गेले. बारच्या टोकात बसतील अशा लोखंडी चकत्या कापून दे म्हटलं: अर्धा किलो आणि एक किलो. त्याने विचारलं, "अर्ध्या किलोने काय होतं बाई?"

१५ जुलै, मंगळवार

चकत्या आल्या. वजनात चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे, पण चालेल. १५ किलोचा बार मागवला आहे, वेळ लागेल म्हणतात.

आज दुसरी गोष्ट पाहिली. गेल्या आठवड्यात काही सेटना मी बाजूला उभी होते, काही सेटना काउंटरवर पावत्या करत होते. मी जवळ असले की पिन एक-दोन घरं वर जाते. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासातही ट्रेनरकडे जाणाऱ्या बायकांनी ट्रेनरशिवाय करणाऱ्यांपेक्षा जड वजन निवडलं होतं, जरी तेही निम्म्याच्या आसपासच होतं.

मी आजारी होते तेव्हा संध्याकाळचा ट्रेनर, म्हणजे मुलगा, सकाळच्या बॅचला आला. मला वाटलं, त्याच्यासमोर सगळ्या हलकं घेतील. दोन तरुण मुलींनी जड घेतलं. शिक्षिकेने हलकं घेतलं आणि स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा) टाळलाच. विचारलं तर म्हणाली, "त्याला काही सांगता येत नाही ना." काय सांगता येत नाही, ते मी तेव्हा विचारलं नाही.

मावशींचा परिणाम मात्र माझ्यापेक्षा मोठा. त्यांनी गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेल्या ठोकळ्यांवरून ३५ किलोचा डेडलिफ्ट केला आणि त्या दुपारी कुणीही पिन खाली आणली नाही.

२२ जुलै, मंगळवार

ही नोंद कुणाची ते इथेही लिहीत नाही.

व्यायाम संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, जोर लावला की थेंबभर लघवी होते, दुसऱ्या बाळंतपणापासून. दोरीवरच्या उड्या म्हणूनच सोडल्या, खोल स्क्वॅट म्हणूनच टाळते, काळी लेगिंग म्हणूनच घालते. नवऱ्याला माहीत नाही. "वय झालं की होतंच म्हणतात."

माझ्या वहीत हिच्यापुढे गेले कित्येक आठवडे "भीती?" असं लिहिलेलं होतं.

हे सर्रास होतं आणि यावर इलाज आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. खोकला, शिंक, उडी, जड उचल यांनी पोटात दाब वाढला की ते कमी पडतात. पहिला उपचार म्हणजे त्या स्नायूंचाच व्यायाम, आणि तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला बरा, कारण पुष्कळ जणी आवळण्याऐवजी खाली ढकलतात. तिला तिकडे पाठवलं. इथे तोवर: श्वास कोंडून उचलायचं नाही, जोर लावताना सोडायचा; स्क्वॅटला कमी खाली बसायचं; वजन असं की गळणार नाही. म्हणजे तिच्यासाठी थांबायची खूण वेगळी. मांडी जळण्याच्या कितीतरी आधी ती थांबेल आणि ते योग्य आहे.

दोन्ही बॅचला, कुणाचंही नाव न घेता, हा विषय पाच मिनिटं सांगितला. नंतर बाथरूमच्या वाटेवर अजून दोघींनी हळूच विचारलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी, हजेरी कमी. श्रावण लागलाय. त्याआधी १ जूनपासून ट्रॉलरची मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे ताजं मासळीचं जेवण दोन महिने महागलेलं, आणि सुटेल तेव्हा अर्ध्या घरांत श्रावण. प्रथिनांचा हिशेब कोलमडतो. भारतीय शिफारस किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची, वजनं उचलणाऱ्याला त्याच्या दीड-दोन पट लागतं. अळसांद्याचं टोणक, मूग, दही, ताक, सोया. अंडी चालतात त्यांना अंडी. जास्त लिहीत नाही, बायकांना स्वयंपाक शिकवायला मी बसलेली नाही.

पाळीचंही विचारतात. मोबाइलवर "पाळीच्या चक्रानुसार व्यायाम"चे तक्ते फिरत असतात. उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले तर सरासरी परिणाम नगण्य निघतो, मात्र बाईगणिक फरक मोठा. म्हणून तक्ता नको, आपापल्या वहीत खूण करा आणि चार महिन्यांनी बघा.

६ ऑगस्ट, बुधवार

मावशींच्या मुलीचा फोन. "आईच्या हाडांची घनता कमी आहे, तुम्ही तिला ३५ किलो उचलायला लावता?"

रास्त प्रश्न आहे. डॉक्टरांची परवानगी सुरुवातीलाच घेतलेली आहे, ती दाखवली. आणि ऑस्ट्रेलियातला लिफ्टमोर हा अभ्यास सांगितला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायका. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. डेडलिफ्ट, स्क्वॅट आणि डोक्यावर प्रेस, कमालीच्या ८५ टक्क्यांहून जड, पाच रेपचे पाच सेट, आठ महिने. घरी हलका व्यायाम करणाऱ्या बायकांच्या तुलनेत यांच्या मणक्याची घनता सुधारली. पण पहिला महिना हलक्या वजनाने फॉर्म शिकवण्यात गेला होता आणि प्रत्येक सत्राला तज्ज्ञ समोर उभा होता. हे वाचून कुणी घरात आईला पिंपं उचलायला लावू नये. आम्ही ८५ च्या जवळपासही नाही, आणि ठोकळे हळूहळू खाली येतील.

मुलगी म्हणाली, मी एकदा येऊन बघते. या म्हटलं.

मावशींचं म्हणणं वेगळंच: "घरी मला कुणी तांदळाची पिशवीसुद्धा उचलू देत नाहीत."

१४ ऑगस्ट, गुरुवार

बॅचमधल्या सर्वांत लहान मुलीने विचारलं, शेवटी "पिळदार" होण्याचं. तेवढी एकच. बायकांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फार थोडं असतं, आठवड्याला दोन-तीन सत्रांनी दंड शर्टात मावेनासे होत नाहीत. ते सांगून झाल्यावर तिने जास्त चांगला प्रश्न विचारला: "मोठ्या खेळाडू वजन ठरवतात कसं?"

तिला कर्णम मल्लेश्वरीचं सांगितलं. २०००, सिडनी, बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं ते वर्ष. ६९ किलो गट. स्नॅचला (एका झटक्यात डोक्यावर) ११०, क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३०, एकूण २४०. शेवटच्या प्रयत्नाला सोन्यासाठी १३७.५ मागितलं, ते गेलं नाही, कांस्य मिळालं. एकाच झेपेत साडेसात किलो. तेव्हा स्पर्धेत वजन अडीच-अडीच किलोनेच वाढायचं, एक किलोची पायरी नंतर आली. मुलगी म्हणाली, "मग आपल्या चकत्या तेव्हा पाहिजे होत्या." हा हिशेब अर्थातच इतका सोपा नाही, पण हसू आलं.

२० ऑगस्ट, बुधवार

पुढच्या बुधवारी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आतापासूनच नेवऱ्या, घराची साफसफाई, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान, गावच्या घरी जाण्याची तयारी. २५ पासून हॉल बंद, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर सुरू. घरी करायला काही देत नाही. चवथीच्या दिवसांत बायकांना व्यायामाचा कागद देणाऱ्या माणसाने आधी एकदा तीस माणसांची पंगत वाढून बघावी.

१० सप्टेंबर, बुधवार

परत सुरू. सगळ्यांना एक पायरी खालून. कुणी हट्ट धरला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

शेवटची मोजणी, जूनमधलंच वाक्य: दहा रेप होतील असं वजन तुमचं तुम्ही घ्या. पिन खाली, डंबेल उलटसुलट, मी काउंटरवर.

फरक पहिल्या मिनिटात दिसला. बहुतेक जणींनी आधी एक-दोन रेप करून पाहिले, पिन बदलली, पुन्हा पाहिले. बँकवालीने लेग प्रेसला ६० घेतलं, "अजून दोन-तीन" म्हणाली. नंतर शेवटपर्यंत नेलं तर चौदा निघाले. अंदाज एक-दोनने चुकला. जूनमध्ये दहाने चुकला होता. फुलवालीने खांद्याच्या प्रेसला पाचच्या डंबेललाच अर्ध्या किलोच्या चकत्या बांधून घेतल्या. सहाव्या रेपनंतर तिचं बोलणं बंद.

पण सगळ्या वर गेल्या नाहीत, आणि मला लिहायचंय ते याबद्दल. कुंडईचीने चेस्ट प्रेस चांगला वाढवला, लेग प्रेस मात्र जवळजवळ जूनइतकाच ठेवला. विचारलं, अजून किती निघाले असते? "दहा तरी." मग? "आज सेकंड शिफ्ट आहे. शनिवारी करते जड." जूनमध्येही तिचं वजन हलकंच होतं आणि वहीत आकडा जवळपास तोच दिसेल. तेव्हा तिला वाटत होतं दोन शिल्लक आहेत. आज तिला माहीत आहे दहा आहेत, आणि ते कशासाठी ठेवलेत तेही.

वहीत त्यामुळे आता दोन रकाने आहेत: "माहीत नसून हलकं" आणि "माहीत असून हलकं". पहिल्यात माझं काम आहे. दुसऱ्यात मी तोंड घालत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑक्टोबरच्या नव्या बॅचसाठी ठरवलेलं:

पहिल्याच पंधरवड्यात मशीनवर एकदा शेवटपर्यंत नेऊन दाखवायचं, जळजळ आणि कळ यांचा फरक तिथेच. पहिल्या दिवसाच्या फॉर्मवर लघवी गळण्याचा प्रश्न छापील, हो-नाहीची चौकट, म्हणजे तोंडाने सांगावं लागणार नाही. त्यावर बाळंतपणं किती, कधी, हेही. कामाच्या शिफ्टचा रकाना. जड दिवस त्याप्रमाणे जिचा तिने ठरवायचा.

१५ किलोचा बार अजून आलेला नाही, शुक्रवारी पुन्हा फोन करायचा. कुर्टीला सव्वा किलोच्या चार चकत्या अजून सांगितल्या आहेत. मावशींची मुलगी दुपारच्या बॅचला नाव घालून गेली.